सायकलची बेल काढली त्या दिवशी

मंडळी, घरी येऊन तीन तास झाले, आत्ता कुठे लिहायला बसलोय.

मी रोज सकाळी दिंडोशीहून ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडबडीत रस्त्याची सायकल, घेऊन आरेच्या जंगलातल्या कच्च्या वाटेवर जातो. तिथल्या आदिवासी पाड्यापासून तळ्याला वळसा घालून परत पाड्यापर्यंत, असे दोन राउंड. आज निघताना सायकलचं वजन कमी करायच्या नादात, वळणावळणावर सवयीने वाजवायचो ती बेल मी काढून टाकली. शंभर ग्रॅमसुद्धा नसेल, पण आपला शहाणपणा!

पहिल्या राउंडला तळ्याकाठी पंक्चर झालं. खाली बसून ट्यूब बदलली. पक्षीसुद्धा गप्प होते. मला वाटलं, काय शांतता आहे यार, झकास!

दुसऱ्या राउंडला तीच जागा आली. ओल्या मातीत माझ्या टायरचा मघाचा माग होता आणि त्याच्यावर पंजे उमटले होते. मी बसलो होतो तिथून थेट पाड्याच्या पहिल्या घरापर्यंत, टायरच्या रेषेवरूनच.

पाड्यावर मला चहा देणाऱ्या मावशींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बिबट्या रे. आज तुझी घंटी ऐकू आली नाही. मला वाटलं, तू आलाच नाहीस."

"घंटीचं काय त्यात?"

"ती वाजली की तो वाटेवरून उठतो आणि झाडीत जाऊन बसतो. लाकडं आणायला जाते तेव्हा रोज बघते ना मी."

रोज! आठ महिने मी समजत होतो, त्या वाटेवर मी एकटाच असतो.

बेल परत लावलीये. पण खरं सांगा, उद्या ती वाजवल्यावर तुम्ही झाडीकडे बघाल का?