वाफ्यातली मेथी

नातीच्या बारशाला दोन दिवस उरले होते, आणि माझं लोकरीचं टोपडं अजून अर्धंच होतं.

सूनबाईची आई तिच्या लहानपणीच गेली. त्यामुळे बाळंतपण आमच्याच घरी, परभणीत झालं. सव्वा महिन्यानंतर बारसं ठरवलं. मी विणायला बसले की सासूबाई म्हणायच्या, "फाल्गुनात लोकरीचं टोपडं कशाला गं? उन्हं तापायलीत." मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. घराच्या मागं तीन वाफे होते, ते त्यांचेच. माघात त्यांनी मेथी टाकली होती. शेजारी वांग्याची रोपं होती आणि कुंपणाला वालाचा वेल.

वालावर मावा पडला. मालकांनी दुकानातून पांढरी पावडर आणली आणि सकाळीच, तोंडाला रुमाल बांधून, वाल-वांग्यांवर धुरळली. वारं होतं. मेथीवरही पांढुरकं बसलेलं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. हात धुता धुता ते मला म्हणाले, "आठ-दहा दिवस मागचं काही तोडू नका. आईलाही सांग."

आत्याबाई तेव्हा चारठाण्याला लेकीकडं गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतल्या. येताच बाळाला मांडीवर घेतलं आणि मग पाहुण्यांच्या, पुरणाच्या, पाळण्याच्या गोष्टी निघाल्या. सांगायचं राहून गेलं.

बारशाच्या सकाळी मी टोपड्याचा शेवटचा घेर आवळत होते. तिथं टाके कमी करत जावं लागतं, एक चुकला तर सगळं उसवावं लागतं. मी मनातल्या मनात मोजत होते. आत्याबाईंनी दारात येऊन काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं. मी मान वर न करता "हं" म्हटलं. त्या गेल्या.

दुपारी पंगत बसली. आत्याबाईंनी सूनबाईच्या ताटात मेथीचा घोळाणा वाढला. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, वरून तेल. "खा गं, दूध येतंय यानं." सूनबाईला घोळाणा लय आवडायचा. तिनं पुन्हा मागून घेतला. बाकीच्यांचं लक्ष पुरणपोळीवर होतं, कुणी चिमूटभर घेतला, कुणी तोही नाही. मी तो हिरवा ढीग पाहिला. मेथी बाजारातली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विचारलं नाही. आजही मला ते समजत नाही, मी का विचारलं नाही.

पाळण्याला फुलं बांधताना सूनबाई म्हणाली, "आई, मला अंधुक दिसायलंय." कपाळावर घामाचे थेंब होते. मग ती मोरीत जाऊन ओकली, आणि तोंडाला सुटलेली लाळ थांबेना. मुलानं तिला उचलून रिक्षात घातलं. बाळ माझ्या हातात राहिलं, डोक्यावर नवंकोरं टोपडं. पाळणा रिकामाच होता आणि बाया गाणं थांबवून एकमेकींकडं पाहत होत्या.

बाळाला शेजारणीकडं देऊन मी, मालक आणि आत्याबाईही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "फवारणीचं औषध पोटात गेलंय का? आज काय काय खाल्लं?" मालकांचा चेहरा उतरला. ते बाहेर आले. बाकावर आत्याबाई बसल्या होत्या.

"मागची मेथी कुणी तोडली?"

"मी तोडली," आत्याबाई म्हणाल्या. "दोन पाण्यांनी धुतली होती."

मालक माझ्याकडं वळले. "तू आईला सांगितलं नव्हतंस?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं."

ते दोन शब्द तोंडातून कसे निघाले, मला कळलं नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. त्या म्हणाल्या, "सांगितलं असंल. मीच इसरले असंन."

तीन दिवसांनी सूनबाई घरी आली. बाळाला तोवर वरचं दूध पाजलं. जीवावरचं टळलं, सगळे म्हणाले. पण मला घरात काहीतरी शिरल्यासारखं वाटायचं. आत्याबाई आता विसरतात, असं ठरून गेलं. आधी त्यांच्याकडून गॅस गेला, मग भाजी चिरणं. मुलानं मागच्या दाराला कुलूप घातलं. वाफे वाळून गेले. त्या तासन्‌तास पडवीत बसून राहायच्या, हातांना काम नसल्यानं पदराची गाठ सोडायच्या-बांधायच्या. सूनबाई बाळाला त्यांच्याजवळ द्यायची, पण स्वतः तिथून हलायची नाही. मी हे सगळं रोज पाहत होते, आणि एकेक दिवस गेला तसं बोलणं अवघड होत गेलं.

यंदा नातीचा पहिला वाढदिवस झाला. आत्याबाईंनी शिऱ्याचा एक घास बोटांवर घेऊन तिच्या तोंडाजवळ नेला. सूनबाईनं हळूच त्यांचा हात धरला. "राहू द्या आजी, मी भरवते." आत्याबाईंनी हात मागं घेतला आणि घास ताटाच्या कडेला पुसला.

मी बोलले. मुलासमोर, मालकांसमोर. "आत्याबाई काही विसरल्या नव्हत्या. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी तोडायच्या आधी मला विचारलं होतं, मी टोपडं विणत होते, मी हं म्हणाले. आणि दवाखान्यात मी खोटं बोलले."

मालक उठून अंगणात गेले. आत्याबाई पुटपुटल्या, "कशाला बोललीस? मिटलं होतं ना." सूनबाईनं मुलीला उचललं आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. तिचे डोळे भरले होते. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर मागच्या दाराचं कुलूप निघालं. सूनबाई माझ्याशी नीट बोलते, चहा विचारते, सणाला पाया पडते. तोंडातून कधी वावगा शब्द नाही. फक्त मी नातीला भरवायला बसले, की ती हातातलं काम टाकून येते आणि आमच्याजवळ उभी राहते. घास मुलीच्या पोटात जाईपर्यंत.