घोड्याखालचा माणूस

हातातल्या दाभणाचं टोक स्वतःच्याच गळ्याला टेकवून अण्णा म्हणायचे, "इथून आत, इथून बाहेर. सरी, झालं, पुढं चला." कुणीतरी कुठंतरी कधीकाळी मारला गेला होता, आणि घाव कुठं बसला ते अण्णा स्वतःच्या अंगावर दाखवत होते. सीट शिवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकायचं. अशी एक-दोन माणसं तुमच्याही रस्त्यावर असतील; पण आमच्या अण्णांची गोष्ट जरा रक्ताची आहे.

त्यांचं दुकान बेळ्ळंदूरला, रिंग रोडवरून आत वळलं की लगेच. रिक्षांच्या आणि दुचाकींच्या सीट शिवायचं. घराणं आठ पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून ह्या कन्नड मुलखात आलेलं. मी नागपूरची, नोकरी महादेवपुऱ्यात. स्कूटरची सीट फाटली म्हणून गेले, तर म्हणाले, "अक्का, गाडी कुठं उभी केलीत कळतंय काय?" मला वाटलं, नो पार्किंग असेल. "तिथं एकाला वाघानं फाडला," अण्णा म्हणाले. पस्तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणत होता, ते वेगळंच.

तेव्हापासून दर रविवारी मी स्कूटर चालवायची आणि अण्णा मागं बसायचे. लोक इंदिरानगरला कॉफी प्यायला जातात, आम्ही खून बघायला जायचो. तळ्याचा बांध टिकेना म्हणून बांधात जिवंत पुरलेल्या सुनेची शिळा पाहिली. चितेवर गेलेल्या बाईची पाहिली, तिच्यावर नुसता कोपरातून वर उचललेला हात. एका वळणावरची देवी पाहिली, तिच्यापुढं प्रत्येक नवी गाडी चाकाखाली लिंबू चिरडते. "लिंबू नाही दिलं तर ती माणूस घेते," अण्णा म्हणाले. "तुमचं झालंय नव्हे?" नव्हतं झालं. बाप्पा! दुसऱ्या दिवशी मी एक सोडून दोन चिरडली.

राग मात्र त्यांचा वाईट. एका वीरगळावर बूट ठेवून एक ऑफिसवाला स्वतःचा फोटो काढत होता. मी स्टँड लावेपर्यंत त्याचा मोबाईल गटारात होता आणि नाकातून रक्त येत होतं. "अण्णा, किती मारता हो!" मी ओरडले. "मारलं कुठं? स्वल्प सांगितलं की," अण्णा हात पुसत म्हणाले.

या सगळ्या दगडांत त्यांचा जीव एकात. तो एका ऑफिसच्या पार्किंगमागं, कडुलिंबाखाली. भाला उगारलेला घोडेस्वार आणि घोड्याच्या टापांखाली एक माणूस. वर अप्सरांच्या मध्ये कुणीतरी बसलेलं, पण तेलाच्या थरानं ते कोण ते दिसतच नव्हतं. "हा घोड्यावरचा आमचा मूळपुरुष. ह्या गावासाठी मेला," अण्णा सांगायचे. स्वाराला तेल, हळद, कुंकू. आणि खालचा तो शत्रू, म्हणून दसऱ्याला घरातल्या कर्त्या पुरुषानं त्याच्या तोंडावर पाच चपला मारायच्या, ही घरची चाल. त्या बिचाऱ्याचं नाक झिजून सपाट झालं होतं. एका दसऱ्याला मीही टाळ्या वाजवल्या.

दुकानासमोर रस्त्यापलीकडं एका गौडांचा गोठा. वीस वर्षांपूर्वी गौडा म्हणाले होते, तो दगड आमच्या घरातला, आजा सांगायचा. अण्णांनी सीटचा लोखंडी सांगाडा उचलून त्यांच्या डोक्यात घातला. गौडांचा डावा कान कायमचा गेला. पोलीस झाले, पंच झाले. पण दोघं वीस वर्षं समोरासमोर बसून एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

आणि मला मेलीला नको तिथं हौस! दगडाच्या कडेला तेलाखाली अक्षरं दिसायची. म्हटलं, वाचून घेऊ, छान फ्रेम करून अण्णांना देऊ. ओळखीच्या एका निवृत्त कन्नड मास्तरांना घेऊन गेले. त्यांनी थर खरवडला, अक्षरांत पीठ भरलं आणि तीनदा वाचलं. मग मला हळूच विचारलं, "तुम्ही मराठी ना?"

लेखात होतं ते असं. मराठ्यांच्या घोडेस्वारांनी गावच्या गाई हाकून नेल्या. इथल्या गौडाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, मुलानं एकट्यानं त्यांना अडवलं, गाई सोडवल्या आणि तो मेला. दगड त्याचा. घोड्यावरचा तो मारेकरी; टापांखालचा, आणि वर अप्सरांमध्ये बसलेला, तो गौडाचा मुलगा.

लपवता आलं असतं. पण माझ्या पोटात तीळ भिजत नाही, आणि खरं सांगायचं तर हे लपवणं मला पापच वाटलं. मी सांगितलं. "खोटं!" म्हणून अण्णांनी कात्री फेकली. ती माझ्या खांद्यावरून जाऊन रेक्झिनच्या गुंडाळीत रुतली. तरी मी म्हटलं, "चला, स्वतः वाचा." मास्तरांनी बोट धरून एकेक अक्षर दाखवलं. शेवटी अण्णांनी खालच्या माणसाचं सपाट नाक चाचपलं.

"मग गौडाला मी कशासाठी बहिरा केला, अक्का?"

मी त्यांना स्कूटरवर बसवून घरी सोडलं.

तीन दिवस दुकान उघडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात लोखंडी गज. आम्ही रस्ता ओलांडून गोठ्यात गेलो. गौडा गाईच्या कुशीला कपाळ टेकवून धार काढत होते. अण्णा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि कन्नडमध्ये बोलायला लागले. पाच मिनिटं एकसारखं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. असं रडत बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गौडांची धार थांबली नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "हा डावा कान."

अण्णा उठून गौडांच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तोंड उघडलं, पण शब्द फुटेनात. गौडांना एवढंच दिसलं, की ज्यानं आपलं डोकं फोडलं तो लोखंड घेऊन पुन्हा उभा आहे. अण्णांनी गज त्यांच्या हातात कोंबला. "होडी," म्हणाले. मार.

गौडांनी मारला. वीस वर्षांचा सगळा राग त्यात होता. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गाय उधळली, दूध सांडलं, अण्णा शेणात पडले. दुसऱ्यांदा उचललेला गज मी लोंबकळून धरला. गौडांनी गज खाली टाकला. मग त्यांनीच अण्णांना उचलून दुधाच्या टेम्पोत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं.

हाड वाकडं जुळलं. उजवा हात छातीच्या वर जाईना, दाभणाला जोर येईना. मशीन विकावं लागलं. दगडाची हकीकत मास्तरांनी गौडांना सांगितली. पुढं दोघं रविवारी तिथं शेजारी शेजारी बसायचे, खालच्या माणसाला तेल लावायचे. बोलणं पावसापाण्याचं, गाईंचं. त्या सकाळचं अण्णांनी पुन्हा काढलं नाही.

वर्षभरात अण्णा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. मी फार रडले. सख्ख्या काकासाठीही एवढी रडले नव्हते.

तेराव्यानंतर गौडा डाव्या कानाला हात लावून मला म्हणाले, "त्या दिवशी ह्या बाजूला बसून तो काय बोलला? तू होतीस." आणि उजवा कान माझ्याकडं केला.

माझं कन्नड तोडकंमोडकं. जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं, "म्हणाले, गाई तुमच्या होत्या, माणूस तुमचा होता. मारणारे आम्हीच, दोन्ही वेळा. मला माफी नको. फक्त तुम्ही खरं बोलत होतात, हे मी सगळ्या गावासमोर सांगतो."



"हे ऐकू आलं असतं तर मी हात उचलला नसता, अक्का," ते म्हणाले, आणि रस्त्यापलीकडच्या बंद शटरकडं बघत राहिले.