सुईवरची काळी पट्टी

शुक्रवारी सकाळी सहाला उठणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. इथे आखातात तीच आठवड्याची सुट्टी असते, पोरं झोपलेली असतात, सालमियाचे रस्तेसुद्धा झोपलेले असतात, आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सुभाषकाका वाळवेकर मात्र टोपी घालून, खांद्याला मेटल डिटेक्टर अडकवून लिफ्टची वाट बघत उभे. हे मी तीन हिवाळे दाराच्या भिंगातून पाहिलं. चौथ्या हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर निघाले, तेही स्वखुशीने नव्हे. वासंतीकाकूंनी गळ घातली. त्यांचे गुडघे दुखत होते, आणि रस्ता ओलांडताना काकांचं गाड्यांकडे लक्ष नसतं, तेव्हा जरा सोबत कर, असं त्या म्हणाल्या. काकूंना नाही म्हणणं मला अजून जमलेलं नाही.

काका मूळचे मिरजेचे. तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारात लहानपण गेलं, त्यामुळे कान तयार. गाणं शिकायचं राहिलं, पण पोट कानांवरच भरलं. इथल्या एका इस्पितळात बावीस वर्षं ते श्रवणतपासणीचे टेक्निशियन आहेत. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा. हे वाक्य काकांना मराठी, हिंदी, अरबी आणि मल्याळममध्ये येतं. बाकीचं मल्याळम शून्य. रोज पहिला पेशंट यायच्या आधी यंत्र ठीक वाजतंय ना, हे टेक्निशियनने स्वतःच्या कानांनी ऐकून वहीत सही करायची असते. त्या वहीत बावीस वर्षं काकांची सही आहे, आणि या गोष्टीचा त्यांना पगारापेक्षा जास्त अभिमान.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण माणसाला कोड्यात ठेवणं मला आवडत नाही. गेली दोनेक वर्षं काकांना एकच भीती होती, की आपले कान जाताहेत. कान गेले तर सही गेली, सही गेली तर नोकरी, आणि इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीच्या शेपटाला बांधलेला. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा त्यांना कान या गोष्टीचीच लाज वाटत होती. आचाऱ्याची चव गेली तर तो कुणाला सांगेल? तपासणीची खोली त्यांच्या हाताशी होती, दुपारी रिकामीही असायची. तरी त्या खुर्चीत ते एकदाही बसले नाहीत. साखर वाढल्याची शंका असलेला माणूस दवाखान्याचा रस्ता टाळतो, त्यातलाच प्रकार. सकाळच्या तपासणीला ते हाताखालच्या अबोलीला हेडफोन घालायला लावायचे, शिकून घे म्हणायचे. ती ऐकायची आणि सही काका करायचे.

आता बागेबद्दल. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर ती आहे. पूर्वी तिथे समुद्रावर जाणाऱ्यांची मातीची घरं होती, ती पाडून झाडं लावली. दिनार येण्याआधी इथे आपलाच रुपया चालायचा, आणे-पैसे सगळं, त्यामुळे जमिनीत जुनी नाणी असणार हे उघड होतं. जे आपल्याला सुचतं ते चारचौघांनाही सुचतं. वीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या हाती डिटेक्टर आला, त्याने ती बाग विंचरून काढली. काकांच्या चार मित्रांचा गट होता. माळी आतिफ याच्याशी त्यांचं ठरलेलं होतं, की फावडं आणायचं नाही, फक्त स्क्रू-ड्रायव्हरने वीतभर उकरायचं, खड्डा बुजवायचा आणि निघालेला कचरा आतिफच्या पिशवीत टाकायचा. जुनं काही सापडलंच तर फोटो काढून संग्रहालयात कळवायचं, हा गटाचा नियम. तीन हिवाळ्यांत काकांनी नियम मोडायची वेळच आणली नव्हती, कारण त्यांना मिळायच्या त्या फक्त कोल्ड्रिंकच्या डब्यांच्या ओढायच्या कड्या. आतिफ त्यांना ‘ढक्कनवाले बाबूजी’ म्हणायचा.

बाग संपली, असं काका सांगायचे. पण त्याच बागेत संग्रामला, म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आयटीवाल्या पोराला, डिसेंबरात दोन तांब्याचे पैसे मिळाले. त्या दिवशी काका घरी येऊन न जेवता पडून राहिले. काकू मला हे सांगत होत्या त्या जाड, खालच्या आवाजात. काकूंचा आवाज पूर्वी चिमणीसारखा बारीक होता. गेली दोन वर्षं तो उतरला होता, निदान काका घरात असले की हमखास. मी आपली थायरॉइड तपासा म्हणायची, ज्येष्ठमधाची पूड आणून द्यायची, मिठाच्या गुळण्या सांगायची. काकू सगळं मुकाट्याने घ्यायच्या.

संग्रामच्या यंत्राला पडदा होता आणि त्यावर आकडे यायचे. काकांचं यंत्र जुनं, सुईचं. जमिनीखाली लोखंड असेल तर घुरघुर, डब्याची कडी असेल तर मध्यम डब्ब आवाज, आणि तांबं-चांदी असेल तर टाचणी पडावी तसा बारीक सूर. सोबत सुईही हलायची. पण काकांनी पहिल्याच दिवशी त्या सुईच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. सुई बघून कुणीही खोदेल, देवानं कान कशाला दिलेत, असं त्यांचं म्हणणं. मिरजेचा माणूस, सूर डोळ्यांनी बघणार नाही. गटात या पट्टीची थट्टा व्हायची आणि काकांना ती थट्टा आवडायची.

जानेवारीतला शुक्रवार होता. थंडी बऱ्यापैकी होती, गवतावर दव होतं. काकांच्या हेडफोनची वायर तुटली होती, म्हणून यंत्र उघड्यावरच वाजत होतं. मी थर्मास धरून मागून चालत होते आणि मनातल्या मनात काकूंना बोल लावत होते. काका एका ओळीत चालायचे, तबकडी जमिनीलगत डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे, घाई नाही. ते बघताना माझा राग निवत गेला, हे कबूल करायला हवं. इतक्या शांतपणे काम करणारं माणूस आमच्या बँकेत मी पाहिलेलं नाही.

बोरीच्या झाडापाशी यंत्र वाजलं. बारीक, स्वच्छ, टिंग. मी थांबले. काका पुढे गेले. तबकडी परत त्याच जागेवरून फिरली, परत टिंग. काकांचा चेहरा हललासुद्धा नाही. मला वाटलं, काहीतरी खुबी असेल, जाणकार माणूस आहे, आपण कशाला शहाणपणा करा.

वीसेक पावलांवर डब्ब आवाज झाला. कडी. मलासुद्धा एव्हाना तो आवाज कळायला लागला होता. गटातलं कुणीही त्या आवाजाला खाली बसत नसे. वीस वर्षं सगळ्या बागेने तो आवाज सोडून दिला होता. काका मात्र बसले, कारण त्यांना ऐकू येत होतं ते तेवढंच. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने माती सैल केली, दोन बोटं घातली आणि एक गोल काढला. फुलाच्या पाकळ्यांसारखी नागमोडी कड. अंगठ्याने माती पुसली तर एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला एक आणा. ती निकेलची नाणी अगदी कडीसारखी वाजतात, हे काकांनीच मला नंतर समजावलं. म्हणून तर ती सगळ्यांच्या पायाखाली सुखरूप राहिली होती.

काका मांडी घालून बसले आणि हसत सुटले. मिरजेत त्यांच्या आजीच्या डब्यात असे आणे होते म्हणे. मीही खूश झाले, त्यांना चहा दिला, फोटो काढले. आणि त्या खुशीतच माझ्या तोंडून गेलं.

“काका, मग आता त्या बोरीखालचंही काढू या ना. तिथं किती छान वाजलं होतं.”

“कुठं वाजलं?”

“तिथं. दोनदा.”

काकांनी चहाचं झाकण खाली ठेवलं. ते उठले, बोरीपाशी गेले आणि तबकडी फिरवली. टिंग. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. परत फिरवली, अगदी सावकाश. टिंग. मी परत मान हलवली. मला तेव्हा कळलं. वाटलं, जीभ झडायला हवी होती माझी.

काकांनी यंत्र आडवं धरलं आणि नखाने पट्टीचं टोक उचललं. तीन हिवाळ्यांच्या उन्हाने तिचा डिंक काचेला बसला होता, ती तुकड्या-तुकड्याने निघाली. मग त्यांनी पुन्हा तबकडी फिरवली. सुई टोकापर्यंत गेली आणि परत आली. यंत्र टिंग म्हणालं. काका सुईकडे बघत होते आणि कान देऊन ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही.

“तुला येतंय की ऐकायला?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“मला येईना झालंय बघ,” काका म्हणाले. “आज नव्हे, लई दिवस झाले.”

बोरीखाली तांब्याचा पाव आणा होता, हिरवा पडलेला. तो काढून काकांनी माझ्या हातात दिला आणि खड्डा नीट बुजवून वरून हाताने थापला. रस्ता ओलांडताना मी त्यांचा दंड धरला आणि त्यांनी धरू दिला.

पुढचं मला अबोलीने सांगितलं. रविवारी सकाळी तिने हेडफोन उचलले तर काका म्हणाले, आज मी बसतो. ते काचेच्या आत पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले आणि बटण हातात घेतलं. तिला सुरुवात करवेना. शेवटी आतूनच ते म्हणाले, नेहमीचं वाक्य म्हण, त्याशिवाय तपासणी होत नाही. तिने म्हटलं, आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा. खालचे सूर ठीक होते, प्रत्येकाला बटण दाबल्याचा दिवा लागला. वरच्या सुरांना तिने आवाज वाढवत नेला, आणि दिवा लागला तो फार उशिरा. काका काचेतून तिच्या हाताकडे बघत नव्हते, त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर येऊन त्यांनी तो आलेख स्वतः डॉक्टरांना नेऊन दिला आणि दोन वर्षांच्या सह्यांचंही सांगितलं. अबोली हे सांगताना रडली, आणि मी काही दगड नाही.

डॉक्टर बरेच बोलले. तपासणीची वही अबोलीकडे गेली. मधल्या काळातल्या सगळ्या सकाळी ऐकलेलं अबोलीनेच होतं, तेव्हा कुणाची तपासणी चुकली नव्हती, एवढं पाहून काकांना कराराच्या अखेरीपर्यंत ठेवून घेतलं, पेशंटना श्रवणयंत्रं बसवून देण्याच्या कामावर. पहिली दोन यंत्रं त्यांच्याच कानांना बसली.

ती बसली त्या आठवड्यातल्या शुक्रवारी काका बागेत गेले नाहीत. मी सकाळी त्यांच्याकडे चहाला बसले होते. टेबलावर बशीत त्या दोन नाण्यांचे फोटो होते, नाणी नियमाप्रमाणे संग्रहालयात गेली होती. काका सारखे कानामागे बोट नेत होते. फ्रिजचा आवाज येतोय म्हणाले, बाहेर बुलबुल आहे म्हणाले. स्वयंपाकघरातून काकूंनी त्या जाड आवाजात बिस्किटं आणू का विचारलं, आणि काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, हिचा घसा बसलाय काय गं? मी सवयीने ज्येष्ठमध म्हणणार होते. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

“साखर घालू का थोडी?” त्यांनी विचारलं, त्या जुन्या, चिमणीच्या आवाजात.

मी कप खाली ठेवला. काकांना ऐकू यावं म्हणून जी बाई मुद्दाम आवाज उतरवून बोलत होती, तिला मी दोन वर्षं गुळण्या करायला लावत होते.

“तुला कधीपासून ठाऊक होतं?” काकांनी विचारलं.

“कुकरच्या शिट्ट्या मोजायला मला सांगायला लागलात की हो, तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचे कान. तुम्ही आधी सांगायला नको?”

काकांनी कानामागचं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाले, परत म्हण की ते साखरेचं. काकूंनी परत विचारलं, आधीपेक्षाही हळू. काकांनी डोळे मिटले होते. टेबलाच्या कडेवर त्यांची मूठ होती, आणि तिच्यातला अंगठा बटण दाबावं तसा खाली गेला.