हत्यारं मोजली, आता बसू! ओझर ते हैदराबाद

हैदराबादला भावाला मुलगी झाली आणि नाव ठेवायला आत्या लागते, म्हणजे मी. निघायला एवढं कारण पुरेसं होतं. मनमाडहून रेल्वेचं वेटिंग काही हलेना, म्हणून ओझरहून विमानाची तीन तिकिटं काढली. मी, आई आणि बाबा. त्या दोघांचा पहिलाच विमानप्रवास! आईने त्याच दिवशी बाळंतविड्याची पिशवी भरायला घेतली.

निघायच्या तीन दिवस आधी टीव्हीवर बातमी आली. आम्ही बसणार होतो तसंच एक छोटं, पंख्यांचं विमान बिघाडामुळे अर्ध्या वाटेतून परत फिरलं होतं. पडद्यावर लाल अक्षरांत 'आकाशात मृत्यूशी झुंज' आणि मागे धडधड संगीत. विमान सुखरूप उतरलं, हे खालच्या पट्टीत बारीक अक्षरांत. आईने पिशवी रिकामी केली. "तुम्ही दोघं जा. मी नातीला व्हिडिओवर बघेन."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. मूळचे सायखेड्याचे, बोलणं अजून तिथलंच. "परत आणलं ना? मंग चांगलंच केलं की. गाडीचा आवाज पटला नाय तर डेपोत आणा, हे आम्ही डायवर लोकायला ओरडून सांगायचो."

आई ढिम्म. शेवटी कशीबशी एका अटीवर तयार झाली. विमानतळापर्यंत येईन, मनाला पटलं नाही तर तिथूनच परत. पहिली नात आणि आजी नामकरणाला नाही, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

तुम्ही जाणार असाल तर टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा आणि परतीचंही त्याच ड्रायव्हरशी बोलून ठेवा, तिथे ऐन वेळी रिक्षा मिळेलच असं नाही. महामार्गावरच्या 'दहावा मैल' चौकातून जानोरी गावाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, सकाळचं ऊन, आणि विमानतळावर गर्दी अशी नाहीच. घरूनच खाऊन निघा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तपासणीत कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती बाबांच्या खिशातल्या छोट्या स्क्रूड्रायव्हरला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तो रोज खिशात असतो. "राहू द्या साहेब, हे काय हत्यार हाय का," म्हणत बाबांनी बरीच हुज्जत घातली, पण तो तिथेच ठेवावा लागला. मी लाजेने लाल आणि आई पहिल्यांदाच हसली.

ते हसू घोषणेपर्यंतच टिकलं. तांत्रिक कारणामुळे विमानाला उशीर. काचेतून बघितलं तर आमच्याच विमानाच्या इंजिनाचं झाकण उघडं आणि शिडीवर एक माणूस. शेजारचा एक प्रवासी लगेच मोबाईल उंच धरून सुरू झाला, "मित्रांनो, बघा, आमच्या जिवाशी कसा खेळ चाललाय!" आईने पिशवी उचलली. "चला घरी."

"थांब जरा," बाबा काचेला नाक लावून म्हणाले, "बघू दे."

तासभर ते तिथून हलले नाहीत. शिडीवरचा माणूस उतरला, मग चमकदार जाकीट घातलेली एक बाई टॉर्च घेऊन चढली आणि तीच जागा पुन्हा तपासली. खाली येऊन तिने हत्यारांची पेटी उघडली, एकेकावर बोट ठेवत गेली आणि थांबली. एक कमी होतं! झाकण तसंच उघडं ठेवून दोघं शोधायला लागले. शेवटी त्या माणसाच्या मागच्या खिशातून पाना निघाला. बाईने परत पहिल्यापासून मोजलं, मगच झाकण लावायला सांगितलं आणि वहीत सही केली.

बाबा टाळ्या वाजवायचेच बाकी होते. त्या मोबाईलवाल्याला म्हणाले, "भाऊ, मोजताना घेतलं का व्हिडिओत?" त्याने नव्हतं घेतलं.

मग आईकडे वळून हळूच म्हणाले, "माझा एकदा पाना राह्यला होता इंजिनात. वणीच्या घाटात गाडी बंद पडली. पेपरात आलं, प्रवासी बालंबाल बचावले. तसं काय नव्हतं, चढाला नुसती उभी राह्यली होती. पण पाना माझाच. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर समद्या हत्यारांची चित्रं काढली रंगानं. एक चित्र जरी रिकामं दिसलं तर गाडी सोडायची नाय. ते नाय छापलं कोणी."

"मला कधी बोलला नाहीत."

"लाज वाटायची."

आईने काचेतून त्या बंद झाकणाकडे एकदा पाहिलं. मग विचारलं, "नीट मोजली ना त्या बाईने?"

"दोनदा."

"मग बसू."

दीड तास उशिरा आम्ही उडालो. बाबा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. आई खिडकीला चिकटून गोदावरी शोधत होती, दिसेल ते प्रत्येक पाणी तिने गोदावरी ठरवलं. हैदराबादचं विमानतळ शहरापासून लांब आहे, तासाभराचा वेळ हाताशी ठेवा. चारमिनार सकाळी लवकर गाठा आणि इराणी चहाबरोबर खारट-गोड बिस्किटं खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. बाकी काय पाहिलं ते मला विचारू नका. त्रिशरण-पंचशील झालं, मी बाळाच्या कानात 'मैत्री' म्हटलं आणि आईच्या मांडीवर ती खुदकन हसली. माझं पोट तिथेच भरलं.

घरी आलो तर शेजारच्या काकूंनी आम्हालाच आमची बातमी दाखवली. तोच व्हिडिओ, 'नाशिकचे प्रवासी दीड तास मृत्यूच्या छायेत'. त्या दीड तासात आम्ही एसीत दशम्या खात होतो! बिघाड वारंवार का होतात हे विचारायलाच हवं, पण विचारायचं तर पूर्ण बघून विचारा ना. आई माझ्यापेक्षा जास्त भडकली. तिने कागद मागितला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिलं.

परवा ते छापून आलं, काटछाट होऊन चार ओळी. शेवटची ओळ मात्र त्यांनी ठेवली होती: 'माझ्या नवऱ्यानेही वर्षानुवर्षं अशीच हत्यारं मोजली, म्हणून पुष्कळ माणसं घरी पोचली.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत घाटातल्या त्या बसची पिवळी पडलेली बातमी होती, इतकी वर्षं आमच्यापासून लपवलेली. आईच्या पत्राचं चार ओळींचं कात्रण त्यांनी त्या बातमीवर ठेवलं आणि पिशवी टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, उघड्यावर ठेवली.