वशिंड सरकलेला बैल

आमच्या जठारपेठेतल्या शेजारच्या काकांच्या घराला सागाच्या भुशाचा कडवट वास असे. तान्ह्या पोळ्यात मुलांनी मिरवायचे लाकडी बैल ते पूर्वी पटाशीने कोरीत. हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी संगणकावर चालणारे छोटे कोरणयंत्र घरीच जुळवले. अडले, की त्याला गोंजारून विचारीत, “काहून रुसलास, बापा?”

यंदा प्रत्येक बैलाचे वशिंड सरकून मानेवर येत होते. “पाहा ताई, बैल हाये का उंट?” मला दाखवत ते हसले; डोळे हसले नाहीत. यंत्राची आडवी चाल मध्येच मागे राहत होती. त्यांनी दोन्ही मोटरींच्या तारांची अदलाबदल करून पाहिली. दोष त्याच बाजूला राहिला. म्हणजे बिघाड विजेच्या बाजूचा नव्हता; मोटरही शाबूत होती. तिला कोरणी सरकवणाऱ्या दांड्याशी जोडणारा स्क्रू ढिला निघाला.

“मीच आवळला होता,” ते हलकेच म्हणाले.

पुन्हा आवळताना थंडीत दात वाजावेत तशी किल्ली धातूवर वाजत राहिली. अखेर ती माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, “तुमी आवळा.”

मी आवळला. पुढचा बैल निर्दोष उतरला. त्यांनी त्याच्या पाठीवरून एकदाच बोट फिरवले आणि तो माझ्यापुढे सारला.

“घेऊन जा, ताई. हा माह्या हातचा नाही.”