हिरो काय नखेत्र

ग्राइंडरचा दगड घासून घासून बुजला की त्याचं तोंड पुन्हा सारखं करावं लागतं. त्यासाठी दोन हत्यारं मिळतात. दुकानदार त्यांना डायमंड आणि स्टार म्हणतात. धारगळला हमरस्त्याकडेच्या आमच्या छपरात बाबा त्यांना हिरो आणि नखेत्र म्हणत. कोयते, विळे, पटाश्या धारेला घेऊन येणारी माणसंही तेच म्हणू लागली होती. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, बाहेरच्या भिंतीवरच्या भाषेच्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. आत मात्र दगडाच्या धुळीत दुपारचं ऊन तरंगत असायचं, आणि सुटीच्या दिवशी तिथे बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे.

हिरो म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेला हिऱ्याचा कण. फिरत्या दगडावरून तो अलगद, एका श्वासात न्यायचा. बाबांनी नेला की चाळलेल्या पिठासारखी धूळ पडायची. त्या वर्षी मात्र दगडावर चरे उमटू लागले. "हिरो झिजलो," बाबा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे एरवी दुसऱ्यांना ऐकवणारे तेच! त्यांचा उजवा हात थरथरत होता. मला दिसत होतं, आईला दिसत होतं. घरात कुणी ब्र काढत नव्हतं.

नखेत्राला दातेरी चकत्या असतात. ते ग्राइंडरच्या टेकूला अडकवून दोन्ही हातांनी दाबायचं. काम जरा खरखरीत होतं, पण हात हलला तरी निभावतं. बाबा त्याला आडदांडांचं हत्यार म्हणून हिणवायचे. मी डिचोलीला नोकरीला होते, त्यामुळे खरेदी माझ्याकडे. मी भीत भीत नखेत्राचं नाव काढताच ते म्हणाले, "देवाक विचार गो बाये. उजवी पाकळी हिऱ्याची, डावी नखेत्राची."

सोयरीक, विहीर, घराचा पाया यांसाठी आमच्याकडे देवाचा कौल घेतात. ग्राइंडरसाठी कुणी घेतला नसेल. मी एकटीच देवळात गेले. पुजाऱ्याने हसू दाबत गाऱ्हाणं घातलं आणि मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; आधी गळेल ती देवाचा कौल. समईचा उजेड, तेलाचा वास, देवाच्या छातीवरून हळूहळू ओघळणारं पाणी. मी किती वेळ बसले ते कळलंच नाही. मग पाकळी पडली. उजवी.

दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या दुकानात मी नखेत्र घेतलं. देवावर मी चिडले होते, खरंच चिडले होते. तुझं काय जातं, म्हटलं. दगड असाच बिघडत राहिला तर गिऱ्हाइकं एकेक करून म्हापशाची वाट धरतील, आणि धार लावल्याशिवाय बाबा जगतील कशावर? पोटाचं मी बघितलं असतं. मनाचं कोण बघणार होतं?

घरी येऊन पुडकं त्यांच्यासमोर सोडलं. "डावी पडली," मी सांगितलं. इतकं सफाईदार खोटं मी आधी कधी बोलले नव्हते. देवाच्या नावावर ढकललं की त्यांना लागणार नाही, असं मला वाटलं होतं.

बाबांनी नखेत्र उचललं. चकत्या बोटाने फिरवल्या, बराच वेळ फिरवत राहिले. मग ते खाली ठेवून उजवा हात डाव्या हाताखाली घेतला.

"म्हणजे देवाक पण कळलां," ते म्हणाले.