मुतखड्याची पुडी

मला कॅन्सर झालाय हे आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. मुलाला माहीत, सुनेला माहीत, सांगोल्याच्या माझ्या भावाला फोनवरून कळवलेलं, आणि ज्या बाईच्या पोटात तो होता ती पंधरा दिवस मुतखडा मुतखडा करत बसली होती. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा मी उन्हाला दोष दिला. सोलापूरचा मे महिना, त्यात दिवसभर मशीनवर बसून शाळेचे युनिफॉर्म शिवायचे, पाणी प्यायला कुठली सवड! उष्णता म्हणून सब्जा प्यायले, धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. डाव्या कुशीत दुखायला लागलं तसं मुलानं सोनोग्राफी करवली, मग स्कॅन, मग दुर्बिणीची तपासणी. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टर मुलाला म्हणाले, "आजींना जरा बाहेर बसवा." आणि मी बसले की! तीस वर्षं दुकानदारांशी भांडून धंदा केलेली बाई मी, त्या दिवशी माझी जीभ कुठं गेली होती कुणास ठाऊक.

मुलगा बाहेर आला तो हसतच. "मोठा मुतखडा हाय, आई. सलाईनमधनं औषध देऊन विरघळवायचा. पंधरा दिवसांनी बोलावलंय."

"मुतखड्याला एवढ्या चकरा?"

"अवघड जागी अडकलाय गं." फाईल त्यानं काखेत मारली. घरी आल्यावर ती त्याच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मुतखडा म्हटल्यावर गल्लीतलं कोण गप्प बसणार? कुणी कुळथाचं कढण आणलं, कुणी पानफुटीची पानं. शेजारीण अक्कलकोटकडची, मला अक्का म्हणते. तिनं माहेरच्या गावातल्या एका वैदूकडून पुड्या मागवल्या. "अक्का, माझ्या भावाचा खडा आठ दिवसांत पडला बघा. सकाळ-संध्याकाळ घ्या, चुकवू नका." मी एकदाही चुकवलं नाही. कडू जहर ती पुडी, नाक दाबून घ्यायची. मुलगा समोर जेवत असायचा. मी पुडी पाण्यात कालवताना बघायचा आणि ताटात मान घालायचा. नको म्हणाला असता तर का म्हणून विचारलं असतं ना मी!

पंधराव्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद बघितला, परत बघितला. क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं. "आजी, मधल्या काळात काही वेगळं औषध घेतलंत?"

मी मोठ्या कौतुकानं पिशवीतली डबी काढली. "हे काय. एक दिवस चुकवलं नाही बघा."

डॉक्टर मुलावर ओरडले, "अहो, कॅन्सरच्या पेशंटला हे असलं कसं खाऊ दिलंत तुम्ही?"

असं कळलं मला. मुलगा फरशीकडं बघत होता. डॉक्टरांच्याही लक्षात आलं असावं, कारण मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलले. कागदावर चित्र काढून दाखवलं. डाव्या मूत्रपिंडात आणि लघवी खाली आणणाऱ्या नळीत गाठ, तिथून फुप्फुसापर्यंत पसरलेली, म्हणून ऑपरेशन न करता सलाईनमधून केमो. डावं मूत्रपिंड तुंबलेलं, सगळा भार उजव्यावर. जे जोराचं औषध द्यायचं ठरलं होतं ते उजवं धड असेल तरच देता येतं, आणि पुडीनं तेच दुखावलं असणार. आता तीन आठवडे थांबून बघू, म्हणाले. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. आणि मला सगळं समजलं! दहावी झालेली बाई आहे मी, कापडावरून हात फिरवून त्यातलं सूत सांगते, मला काय चित्र कळत नाही?

घरी येऊन मी जी तोफ डागली ती अर्ध्या गल्लीनं ऐकली असेल. मुलगा म्हणाला, "तू खचली असतीस, आई."

"अरे, तू चार वर्षांचा असताना तुझा बाप गेला, तेव्हा खचले का? आणि खचले असते तर खचले असते! माझं दुखणं, माझं खचणं. तुला कुणी विचारलं होतं? मला सांगितलं असतंस तर ती पुडी मी तोंडात घातली असती का रे?"

शेजारणीला मीच जाऊन सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेत खाली बसली. "मी काय करून ठिवलं हो, अक्का!" तिच्यावर कशी चिडू? तिनं मुतखड्याला औषध दिलं होतं.

तीन आठवडे मी डॉक्टरांनी सांगितल्याबाहेर काही तोंडात घातलं नाही. परत रक्त दिलं. आकडा थोडा उतरला, पण पुरेसा नाही. डॉक्टर म्हणाले, जोराचं औषध आता नाही देता येणार, दुसरं सौम्य देऊ.

मी विचारलं, "ती पुडी घेतली नसती तर?"

ते म्हणाले, "खात्रीनं नाही सांगता येत. पण पहिलं औषध आपण सुरू केलं असतं."

सलाईनच्या खोलीत मुलगा माझ्या कॉटशेजारी उभा राहून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, खांदे हलत होते. "तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी." लहानपणापासून हा रडला की माझा हात आपोआप त्याच्या पाठीवर जातो. त्या दिवशी मी हात उचलला नाही. सिस्टर सुई घेऊन आली तेव्हा तिच्यापुढं केला.